वस्तीची फेरी : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

शहरातल्या गरीब, दुर्लक्षित वस्त्यांमधून पैसे घेऊन पर्यटकांना फिरवणं हा आता जगभर धंदा झाला आहे. या टूरबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले होते. मी स्वतः अशाच एका वस्तीत वाढले, तिथेच कित्येक वर्षं गाईड होते, आणि आता वस्तीतल्या मुलामुलींना हे काम शिकवते. आलेल्या पत्रांतल्या काहींना इथे उत्तरं देते आहे. बहुतेकांनी नाव छापू नका असं कळवलंय, म्हणून कुणाचंच छापलेलं नाही.

प्रश्न : मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. वर्गातल्या वीसेक मुलांना अशा टूरला न्यावं असं मनात आहे. माझे एक सहकारी म्हणतात, हा गरिबीचा तमाशा आहे, मुलांना यात ओढू नका. न्यावं की नाही?

उत्तर : न्या. पण पैसे भरण्याआधी टूरवाल्यांना एक फोन करा आणि पहिला प्रश्न हा विचारा : फेरीचा रस्ता कोणी ठरवला? वस्तीशी बोलून काम करणारा माणूस याचं उत्तर लगेच देतो. अमक्या गल्लीतल्या बायकांनी नको म्हटलं म्हणून आम्ही तिकडून जात नाही, तमक्या कारखान्यात दुपारनंतरच या असं सांगितलंय, वगैरे. ज्या टूरला वस्तीत कुठेच ‘नको’ ऐकावं लागलं नाही, तिने कुणाला विचारलेलंच नाही असं खुशाल समजा.

दुसरं म्हणजे वेळ. पुष्कळ कंपन्यांना सकाळ आवडते, कारण सकाळी वस्ती गजबजलेली असते. ती कशाने गजबजलेली असते? पाणी आलेलं असतं, संडासाला रांग असते, मोरी नसलेल्या घरातली माणसं दाराबाहेर आंघोळ करत असतात. दिवसातला सगळ्यात उघडा वेळ तो. आमच्या वस्तीत मी सकाळचे गट कधीच नेले नाहीत. अकरानंतर कामाला लागलेली वस्ती दिसते, आणि काम करणाऱ्या माणसाला पाहुण्याशी बोलायला आवडतं. त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं.

वीस जणांना एकदम नेऊ नका. आतल्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरून भिंतीला टेकावं लागतं. तिथे वीस जणांची रांग शिरली, की हंडा घेऊन निघालेली बाई शेवटचा मुलगा जाईपर्यंत ओझं घेऊन ताटकळते. पाच-पाचचे गट करा, आणि त्यासाठी जास्त गाईड लागतील तर तसे पैसे द्या.

पैसे कुठे जातात हेही विचाराच. मुंबईत धारावीतली टूर सुरू करणाऱ्या रिॲलिटी टूर्सने नफ्यातला ८० टक्के वाटा स्वतःच्याच सामाजिक संस्थेच्या शिक्षणाच्या कामाला देण्याचं धोरण जाहीर केलं, आणि फेरीत फोटोंना बंदी ठेवली. असं काही लेखी, आकड्यात सांगता येत असेल तर ठीक. ‘आम्ही वस्तीला मदत करतो’ एवढंच ऐकू आलं तर पुढे खोदून विचारा.

आणि एक विचारा : गेल्या काही महिन्यांत फेरी रद्द करावी लागली का, आणि का? वस्तीत राहणाऱ्या गाईडला कळतं, की आज आत तणाव आहे, आज नको. रिओच्या रोसिन्या वस्तीत २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये, हिंसाचार पेटलेला असताना, टूरवर आलेली एक स्पॅनिश बाई पोलिसांच्याच गोळीने गेली. ज्या दिवशी जायचंच नाही, तो दिवस ओळखणं हाही गाईडच्या कामाचाच भाग आहे.

तुमच्या सहकाऱ्यांचा आक्षेप मला खोटा वाटत नाही. १८८० च्या दशकात लंडनचे श्रीमंत लोक संध्याकाळी ईस्ट एंडच्या गल्ल्यांत गरीब कसे राहतात ते बघायला जात, आणि १८८४ मध्ये ही टूम न्यूयॉर्कलाही पोचल्याचं तिथल्या वर्तमानपत्राने छापलं. म्हणजे तमाशा होताच. पण त्याच १८८४ साली त्याच ईस्ट एंडमध्ये, व्हाइटचॅपलला, टॉयन्बी हॉल सुरू झालं. विद्यापीठात शिकलेल्या तरुणांनी तिथे येऊन राहावं, शेजाऱ्यांना शिकवावं आणि त्यांच्याकडून शिकावं, ही त्यामागची कल्पना. दोन्ही तऱ्हेची माणसं एकाच वेळी एकाच भागात येत होती. तुमची मुलं कुठल्या तऱ्हेची होतील हे निम्मं तुमच्या हातात आहे. जाण्याआधी त्यांना त्या वस्तीचा इतिहास वाचायला लावा : ही जमीन कुणाची होती, पहिली माणसं कुठून आणि कोणत्या कामासाठी आली, पाणी कधी आलं. आणि परत आल्यावर ती जे अहवाल लिहितील, त्यांची एक प्रत वस्तीत पोचवा. आमच्याबद्दल आजवर खूप लिहिलं गेलं, पण त्यातलं आम्हाला वाचायला फार थोडं मिळालं.

प्रश्न : वस्तीतल्या मुलांसाठी खाऊ किंवा पेनं न्यावीत का? रिकाम्या हाताने जाणं बरं वाटत नाही.

उत्तर : नेऊ नका. वाटप सुरू झालं की मुलं शाळेच्या वेळेत पर्यटकांची वाट बघत गल्लीच्या तोंडाशी थांबायला लागतात, आणि ही सवय मोडायला आईबापांना फार जड जातं. द्यायचंच असेल तर तिथल्या बालवाडीला किंवा अभ्यासिकेला विचारा, त्यांना काय हवंय ते. वस्तीत बनलेली वस्तू विकत घ्या, आणि पडेल त्या किमतीला मागू नका.

प्रश्न : मी हौशी फोटोग्राफर आहे. परवानगी मागितली की माणसं ताठ उभी राहतात, चेहऱ्यावरचं सगळं निघून जातं. न सांगता काढलेला फोटोच खरा असतो. शिवाय अशा फोटोंमुळे जगाचं लक्ष वस्त्यांकडे गेलं हे तुम्हीही मान्य कराल.

उत्तर : लक्ष गेलं हे मान्य आहे, आणि त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण मीच देते. जेकब रीस हा डेन्मार्कहून न्यूयॉर्कला आलेला गरीब मुलगा पुढे पोलीस खात्याच्या बातम्या देणारा पत्रकार झाला. १८८७ च्या सुमाराला मॅग्नेशियमची पूड पेटवून अंधारात फोटो काढण्याची युक्ती निघाली, तेव्हा तो रात्री चाळींच्या खोल्यांत शिरून फोटो काढायला लागला. झोपेतून दचकून उठलेल्या माणसांचे डोळे त्या फोटोंत दिसतात. एकदा अंध माणसांच्या खोलीत त्या पुडीने आग लागली आणि त्यालाच ती विझवावी लागली. १८९० मध्ये त्याचं पुस्तक आलं, शहर हादरलं, आणि पुढे १९०१ च्या कायद्याने नव्या चाळींमध्ये उजेड, वारा आणि संडास सक्तीचे झाले. हे छोटं काम नव्हतं.

पण त्या दचकलेल्या माणसांपैकी बहुतेकांची नावं आज कुणाला माहीत नाहीत. त्यांच्या बाजूने ऐकायचं असेल तर नैरोबीच्या किबेरा वस्तीत वाढलेले केनेडी ओडेडे यांचा अनुभव ऐका. सोळा वर्षांचे असताना ते आपल्या छोट्याशा घराबाहेर भांडी घासत होते आणि एका गोऱ्या बाईने त्यांचा फोटो काढला. पुढे त्यांनी वस्तीत मोठी संस्था उभी केली, आणि २०१० मध्ये एका अमेरिकन वर्तमानपत्रात या टूरच्या विरोधात लिहिलं, तेव्हाही तो क्षण त्यांना जसाच्या तसा आठवत होता.

तुम्हाला रस्ता वाटतो तो वस्तीत घराचाच भाग असतो. घरात एकच खोली असते, म्हणून भांडी बाहेर, कपडे बाहेर, केस विंचरणं बाहेर, आजाऱ्याची खाट बाहेर. तुमच्या घरी ही कामं भिंतीआड होतात म्हणून तुमचा असा फोटो कुणी काढत नाही, एवढाच फरक आहे. ताठ उभ्या राहिलेल्या माणसाचा चेहरा मला खोटा वाटत नाही. जगाने आपल्याला कसं बघावं हे त्याने ठरवलेलं असतं. तसा फोटो काढा, आणि छापून त्याला नेऊन द्या. ते जमणार नसेल तर कॅमेरा पिशवीत ठेवा.

प्रश्न : दोन तास फिरून आलेल्या माणसामुळे वस्तीचं काय बदलतं? मला तर वाटतं, काहीच नाही.

उत्तर : बहुतेक वेळा तुमचंच खरं ठरतं. तरी दोन गोष्टी सांगते.

१८८३ मध्ये जेन ॲडम्स नावाची एक तरुण अमेरिकन मुलगी लंडनला आली होती. शनिवारी रात्री तिला काही जणांबरोबर घोडागाडीच्या टपावर बसवून ईस्ट एंड दाखवायला नेलं. तिथे सडायला आलेल्या भाज्यांचा लिलाव चालला होता. दिव्याच्या उजेडात बोली लावणाऱ्यांचे वर केलेले हात तिने पाहिले, आणि ते हात तिच्या मनातून कधी गेले नाहीत. तिने जे पाहिलं ती टूरच होती, आणि फार चांगली टूर नव्हती : गाडीच्या टपावरून, एका मिनिटाचं बघणं. पण काही वर्षांनी ती परत लंडनला आली, टॉयन्बी हॉल पाहिलं, आणि १८८९ मध्ये शिकागोच्या गरीब वस्तीत हल हाउस नावाचं तसंच केंद्र उघडून तिथेच राहायला गेली. आयुष्यभर तिथेच राहिली. १९३१ मध्ये तिला शांततेचं नोबेल मिळालं.

दुसरी गोष्ट पुन्हा रीसचीच. १८९५ मध्ये थिओडोर रूझवेल्ट, जो पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळाचा अध्यक्ष झाला, आणि रीस त्याला रात्री शहरभर फिरवायला लागला. ठाण्यांच्या तळघरांतल्या निवाऱ्याच्या खोल्या दाखवल्या, जिथे बेघर माणसं फळ्यांवर झोपत. तरुणपणी रीस स्वतः तिथे झोपला होता, तिथेच त्याला लुबाडलं गेलं होतं. त्याचा राग खरा होता. रूझवेल्टने १८९६ मध्ये त्या खोल्या बंद केल्या. वाईट जागा गेली. पण तिथे झोपणाऱ्यांना, तुम्हाला काय हवंय, हे कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून ‘बदलतं की नाही’ यापेक्षा मला वेगळी काळजी असते. बघायला आलेल्या माणसाच्या हातात सत्ता असेल तर बदल होतोच, आणि तो कुणाला विचारून होतो हे बघावं लागतं. नगरसेवक, बिल्डर, अधिकारी यांच्याही फेऱ्या वस्तीत होतात. माझ्या मते त्या फेऱ्यांवर पर्यटकांच्या टूरपेक्षा जास्त लक्ष ठेवायला हवं.

प्रश्न : मी वस्तीतलीच मुलगी, नुकतंच गाईडचं काम धरलंय. आमचे मालक म्हणतात, जरा दुःखाच्या गोष्टी सांग, गटार दाखव, लोक त्यासाठीच येतात, बक्षिशीही जास्त मिळते. मला ते सांगताना लाज वाटते. पण सगळं छान आहे असं सांगणंही खोटंच.

उत्तर : तुला लाज वाटते याचा मला आनंद झाला, बाळा. ती वाटेनाशी झाली की या कामातून बाहेर पड.

तुझ्या मालकांसारखे लोक फार जुने आहेत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये चक कॉनर्स नावाचा माणूस पर्यटकांना रात्री फिरवायचा. त्याने भाड्याची माणसं बसवून अफूचे खोटे अड्डे मांडले होते. पर्यटक शहारून जायचे आणि घरी जाऊन चिनी माणसांबद्दल तेच सांगायचे. खऱ्या वस्तीत धोबीकाम करणारे, दुकानं चालवणारे लोक होते, पण दिसायचा तो अड्डा.

गटार लपवू नकोस. गटार दाखव, पण कारणासकट दाखव. ते कधी खणलं, अर्ध्यावर का थांबलं, पावसाळ्यात पाणी कुठल्या घरात आधी शिरतं, तक्रारअर्ज किती वर्षांपासून पडून आहे, शेवटी कुणी वर्गणी काढून फरशी टाकली. पर्यटकाने ‘अरेरे’ म्हणून पुढे जाऊ नये, ‘मग महापालिका काय करते?’ असं विचारावं. तो प्रश्न त्याने विचारला की तुझं काम झालं.

वस्तीच्या वाईट दिवसांबद्दलही असंच. कोलंबियातल्या मेडेयीन शहरात कोमुना १३ नावाची डोंगरउतारावरची वस्ती आहे. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे लष्कराची मोठी कारवाई झाली, हेलिकॉप्टरं आणली गेली, लोक मेले, कित्येक बेपत्ता झाले. २०११ मध्ये त्याच उतारावर उघड्यावरचे सरकते जिने बसवले, आणि आज तिथे जगभरातून लोक भिंतींवरची चित्रं बघायला येतात. तिथलीच तरुण मुलं त्यांना फिरवतात. चित्रात काय आहे आणि का आहे हे ती सांगतात, तेव्हा २००२ ची गोष्ट त्यांच्याच तोंडून येते, त्यांना हवी तेवढी येते. दिल्लीत सलाम बालक ट्रस्टच्या फेऱ्याही एकेकाळी रस्त्यावर राहिलेली मुलं चालवतात, आणि लंडनमध्ये २०१० पासून बेघर राहिलेली माणसं अनसीन टूर्सच्या फेऱ्या घेतात. या माणसांकडे ऐकणाऱ्याला रडवणाऱ्या गोष्टी भरपूर असतील, पण कुठली सांगायची हे मालक ठरवत नाही.

तू स्वतःसाठी एक हद्द आखून घे. स्वतःची गोष्ट सांगायची असेल तर सांग. शेजाऱ्याची त्याला विचारल्याशिवाय सांगू नकोस, नाव न घेताही नको. नाव न घेतलं तरी गल्लीत सगळ्यांना कळतंच की ती कुणाची. आणि ‘इथले लोक इतक्या गरिबीतही किती आनंदी आहेत नाही?’ असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नकोस. तिथल्या एका बाईचं दिवसाचं वेळापत्रक सांग, पहाटे उठण्यापासून, कामाच्या पैशासकट. मग आनंदी आहेत का ते ऐकणाऱ्यांना त्यांचं ठरवू दे.

मालकांशी बोलताना बक्षिशीचाच हिशेब मांड. जे प्रश्न विचारत राहतात ते पर्यटक मित्रांना पाठवतात. जे नुसते हळहळतात ते परत येत नाहीत. माझा अनुभव असाच आहे.

प्रश्न : आमच्या गल्लीत एका कंपनीचे गट येतात. आम्हाला कुणी विचारलं नाही. दाराशी थांबून आत बघतात. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांची खाट दारासमोरच आहे. गाईड बाहेरचा. बोललं तर म्हणतो, रस्ता सगळ्यांचा आहे. भांडायचं तरी कुणाशी?

उत्तर : ताई, आलेल्या पत्रांत तुमचं मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं.

दार लावून घ्या, असं तुम्हाला कुणी सांगेल. ऐकू नका. एका खोलीच्या घरात दार हीच खिडकी असते. दार लावलं तर आजारी माणसाचा वाराच बंद होतो. रस्ता सगळ्यांचा असला तरी त्यावरून चालायचं असतं. दाराशी थांबून आत बघणं म्हणजे चालणं नव्हे, एवढं त्या गाईडला तोंडावर सांगा. शांतपणे सांगा, कारण तो बहुधा रोजंदारीवर आहे आणि त्याला रस्ता वरून ठरवून दिलेला असतो.

मग गल्लीतल्या बायकांना एकत्र बसवा. पुरुषांनाही बोलवा, पण दिवसभर दारात असतात त्या बायका, त्यांचं आधी ऐका. तिथे मतभेद होतील, तयारी ठेवा. चहाच्या टपरीवाल्याला गट हवे असतील, कारागिराला गिऱ्हाईक हवं असेल. त्यांचंही खोटं नाही. आमच्याकडे यावर तोडगा असा निघाला की गट मोठ्या रस्त्याने आणि कामाच्या जागांवरून जातील, राहत्या गल्ल्यांत शिरणार नाहीत. टपरीवाल्याचा धंदा राहिला आणि बायकांना दारात बसता आलं. तुमच्याकडे वेगळं काही ठरेल. ‘अजिबात नको’ असं ठरलं तर तेही पूर्ण उत्तर आहे, त्याला कारण द्यायची गरज नाही.

ठरेल ते कागदावर लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. कुठल्या गल्ल्या बंद, कुठली वेळ चालेल, किती माणसं, फोटो नाहीत, गाईड वस्तीतला हवा. पैशाचा वाटा मागणार असाल तर तो एखाद्या पुढाऱ्याच्या हातात रोख देऊ नका, त्यावरून मी वस्त्या फुटताना पाहिल्या आहेत. एक ठरलेलं काम सांगा, संडासातले दिवे, बालवाडीची फरशी, असं काही, आणि आलेला पैसा भिंतीवर लिहून लावा. पत्राची एक प्रत कंपनीला, आणि एक त्यांच्याकडे गिऱ्हाइकं पाठवणाऱ्या हॉटेलांना द्या. कंपनी ज्या संकेतस्थळांवरून बुकिंग घेते तिथे लोकांचे अभिप्राय असतात. शिकणाऱ्या मुलांना सांगून तिथेही हेच पत्र टाका. कंपन्या पोलिसांपेक्षा या अभिप्रायांना जास्त घाबरतात.

गल्लीच्या तोंडाशी एक पाटी लावा, पर्यटकांना वाचता येईल अशा भाषेत : ‘इथे आम्ही राहतो. घरांत डोकावू नका. फोटो काढू नका.’ बरेच पर्यटक भले असतात, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. पाटी वाचून गाईडलाच मागे फिरायला लावणारे गट मी पाहिलेत.

सासूबाईंच्या खाटेसाठी मात्र बैठकीची आणि पत्राच्या उत्तराची वाट बघू नका. पुढचा गट येईल तेव्हा शेजारच्या दोघी-तिघींना घेऊन अलीकडच्या वळणावर उभ्या राहा, आणि गट तिथूनच मागे फिरवा म्हणून सांगा. गाईडने ऐकलं नाही तर गटाशी बोला. घरात आजारी माणूस आहे एवढं, जमेल त्या भाषेत, हातवाऱ्यांनी, सांगितलं तरी पुरे.